मुंबईत घरून डबा-फराळाचा धंदा सुरू करताना

बार्शीहून भांडुपला आले तेव्हा माझ्या हाताला दोनच गोष्टी नीट येत होत्या: ज्वारीची भाकरी आणि काळ्या मसाल्याची आमटी. पहिले दोन महिने मी सगळ्यांना तेच देऊ केलं. कौतुक पुष्कळ झालं, डबे मात्र तीनच लागले. मग एक दिवस शेजारच्या इमारतीतल्या कच्छी भाभींनी मला जिन्यात थांबवलं आणि विचारलं, "कांदा-लसूण न घालता रोजची पोळी-भाजी करून देशील का? आमच्याकडे चार घरं आहेत." माझा धंदा खरा सुरू झाला तो त्या जिन्यात.

ज्यांना मुंबईत येऊन वर्ष-दोन वर्षं झाली आहेत, ज्यांच्या हाताला चव आहे आणि ज्यांना घरून दोन पैसे मिळवायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कोणीही सांगताना कागदपत्रं आधी सांगतं. मी ती मागे ठेवली आहेत. या शहरात आधी वस्तीचं ऐकावं, मग कागद करावेत आणि कर्जाचं शेवटी बघावं, असं माझं ठाम मत आहे. उलट्या क्रमाने गेलेल्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्याकडे मोठा फ्रीज आधी आला, कणीक मळायचं यंत्र आलं, आणि गिऱ्हाईक यायच्या आत हप्ते सुरू झाले.

पायरी १: पंधरा दिवस काही विकू नका, नुसतं ऐका

मुंबई एका चवीचं शहर नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण आपल्या गल्लीत कोणती चव चालते हे विचारलं तर उत्तर येत नाही. लालबाग-परळला मालवणी माणूस भेटेल, माटुंग्याला दाक्षिणात्य, मुलुंड-घाटकोपरला गुजराती आणि कच्छी, चेंबूरच्या कॅम्पात सिंधी. वांद्रे आणि वसईच्या जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन कुटुंबं आहेत. ती ख्रिस्ती आहेत, घरात आपल्या ढंगाची मराठी बोलतात, आणि त्यांचा बाटलीत भरून ठेवायचा 'बॉटल मसाला' घराघरांत वेगळा असतो. ही झाली ढोबळ माहिती. तुमच्या कामाची माहिती याहून बारीक आहे आणि ती चालत जाऊनच मिळते.

सगळ्यात आधी पिठाच्या गिरणीत जा. गिरणीवाल्या भाऊंना वस्तीतलं जेवढं माहीत असतं तेवढं कोणालाच नसतं. कोणत्या इमारतीतून तांदूळ दळायला येतो, कुठून ज्वारी-बाजरी, कोणाकडे भाजणी, कोणाचा गहू महिन्याला वीस किलोवरून पाचवर आला, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. गहू पाचवर आला याचा अर्थ बहुतेक वेळा त्या घरात पोळ्या करणारं माणूस आता नोकरीला जातं. ते तुमचं पहिलं गिऱ्हाईक.

मग शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभ्या राहा. तिथे आया एकमेकींशी डब्याबद्दलच बोलत असतात. मासळीबाजारात कोळणीला विचारा की साफ करून, मसाला लावून मासळी मागणारे किती जण येतात. संध्याकाळी स्टेशनवरून परतणाऱ्या बायका वाटेत काय विकत घेतात ते बघा. भांडुपला त्या निवडलेली भाजी आणि मोजून पोळ्या घेत होत्या, त्यामुळे पोळ्यांना मागणी आहे हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

विचारताना "माझ्याकडून घ्याल का?" असं विचारू नका. माणसं भिडेखातर हो म्हणतात. "काल रात्री जेवायला काय केलं होतं, आणि ते कोणी केलं?" असं विचारा. या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं. भाषेची भीती बाळगू नका. मोडकी हिंदी सगळ्यांचीच असते, आणि मावशी, भाभी, बेन, अण्णा, आंटी एवढी पाच संबोधनं योग्य जागी वापरली की निम्मं अंतर मिटतं. ऐकलेलं त्याच रात्री वहीत लिहा. माझ्या पहिल्या वहीत इमारतीच्या नावापुढे खुणा होत्या: 'क-ल नाही', 'तिखट कमी', 'शुक्रवारी मासे', 'आजोबांना मधुमेह'. ती वही अजून माझ्याकडे आहे.

पायरी २: एक पदार्थ, आठ गिऱ्हाइकं

पहिल्या महिन्यात एकाच प्रकारचं काम घ्या. नुसत्या पोळ्या किंवा नुसता दुपारचा डबा. पाहुण्यांना वाढायचा स्वयंपाक आणि रोज त्याच वेळी, त्याच चवीचा, त्याच मापाचा स्वयंपाक यांत फार फरक आहे. आठ डब्यांवर तो कळतो आणि चुकलं तरी सावरता येतं.

हिशोब पोळीवरून मांडते. किलोभर कणकेत मध्यम आकाराच्या ३० ते ३५ पोळ्या होतात. कणकेच्या दरात दळण मिळवा, तेल मिळवा, गॅस मिळवा, फॉइल किंवा कागद मिळवा. इथपर्यंत सगळ्या जणी येतात. पुढे तुमच्या हाताचा मोबदला धरा, तासावर धरा, आणि तो वेगळ्या ओळीत लिहा. तुमच्या भागात स्वयंपाकाला येणाऱ्या ताई महिन्याला काय घेतात ते विचारून तासाचा दर काढता येतो. ही ओळ वगळली की धंदा चालल्यासारखा दिसतो आणि वर्षभराने पाठ धरते.

परत आलेला डबा धुण्याआधी उघडून बघा. तोंडावर कोणी वाईट बोलत नाही, पण भाजी तशीच राहिली असेल तर त्याने सांगितलंच की. दोन दिवस सलग एकच गोष्ट उरली तर फोन करून नम्रपणे विचारा. माझ्याकडच्या एका तेलुगू अण्णांचा डबा रोज पोळीसकट परत यायचा. त्यांना दुपारी भात हवा होता आणि बोलायला संकोच वाटत होता. भात सुरू केला, आणि त्यांनी ऑफिसातले आणखी चौघे आणले.

पायरी ३: घर, शेजार आणि गॅस

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला आधी सांगा. सोसायटी असेल तर कमिटीला साध्या कागदावर पत्र द्या: काय करणार, किती वाजता, बाहेरची माणसं येणार की नाही. सदनिका राहण्यासाठी असते, त्यामुळे हरकत घ्यायचा त्यांना हक्क आहे हे मनात धरूनच बोला. भांडणं पैशावरून होत नाहीत. ती होतात जिन्यातल्या फोडणीच्या वासावरून, तुंबलेल्या मोरीवरून आणि सकाळी सहाला वाजणाऱ्या मिक्सरवरून. तळणीचं तेल मोरीत ओतू नका, डब्यात साठवून वेगळं द्या. कुटणं-वाटणं दुपारी करा. आणि महिन्यातून एकदा शेजाऱ्यांच्या घरी वाटीभर काहीतरी गरम पाठवा.

गॅसचं नीट लक्षात घ्या. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो, धंद्यासाठीचा १९ किलोचा. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं नियमाविरुद्ध आहे आणि पकडलं तर सिलिंडर जप्त होतो. पाइपचा गॅस असेल तर कंपनीकडे व्यावसायिक वापराबद्दल विचारा. इंडक्शनवर बरंच भागतं, फक्त वायरिंग तेवढा भार पेलेल का हे आधी वायरमनकडून तपासून घ्या, विशेषतः जुन्या चाळीत.

पायरी ४: कागद

भीती वाटावी एवढं यात काही नाही. बहुतेक कामं मोबाइलवरून होतात.

पहिला कागद अन्न सुरक्षेचा. खाण्याची कोणतीही वस्तू विकायची तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंद लागते, घरातून विकत असलात तरीही. छोट्या धंद्याला पूर्ण परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते, आणि तिचं सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये आहे. किती उलाढालीपर्यंत नोंदणी चालते तो चालू आकडा अर्ज करताना 'फॉसकॉस' या सरकारी पोर्टलवरच बघा. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पत्ता एवढ्यावर अर्ज होतो. मिळणारा क्रमांक १४ आकडी असतो. तो पाकिटावर छापा आणि डब्याच्या पावतीवरही लिहा.

दुसरा कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदीचा. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. पुढे बँकेत आणि सरकारी योजनांत हाच कागद मागतात. पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी पोर्टलसारखीच दिसतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते बघूनच पुढे जा. मला या दोन कागदांसाठी एका दलालाने साडेचार हजार रुपये सांगितले होते आणि मी ते दिलेही. नवीन होते, विचारायला कोणी नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सांगते.

तिसरा 'गुमास्ता', म्हणजे दुकाने व आस्थापनांच्या कायद्याखालचा कागद. महाराष्ट्रात या कायद्याचं नवं रूप २०१७ मध्ये आलं. त्यात थोडी माणसं कामाला असलेल्या छोट्या धंद्याला नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देऊन पावती घ्यायची असते. बँकेत चालू खातं काढताना तीच पावती दाखवतात. जीएसटीची चिंता सुरुवातीला करू नका. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि जेवण पुरवण्यासारख्या सेवेला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. ॲपवरून विकणार असाल तर नियम वेगळे आहेत, तेव्हा मात्र कर सल्लागाराला विचारा.

पाकीटबंद माल विकलात, म्हणजे मसाला, चटणी, फराळ, तर पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक (जास्त वापरलेला आधी), वजन, किंमत, बनवल्याची आणि टिकण्याची तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण हवी. शेंगदाणे, तीळ, काजू असतील तर ते स्पष्ट लिहा. आमच्या सोलापूरकडच्या माणसाला शेंगदाणा म्हणजे मिठासारखा, कशातही पडतो. पण त्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला तो अक्षर न् अक्षर वाचता आला पाहिजे.

पायरी ५: माल कुठून आणायचा

पंचवीस डब्यांपर्यंत जवळच्या वाण्याशीच बांधून घ्या. उधारी मिळते, आणि तोच तुमची जाहिरातही करतो. त्यापुढे वाशीची बाजार समिती आहे. धान्य, मसाले, भाजीपाला, फळं आणि कांदा-बटाटा यांची तिथे वेगवेगळी मार्केटं आहेत. एकटीने जाण्यापेक्षा तिघी-चौघींनी मिळून टेम्पो करून जावं. सुकामेवा आणि गरम मसाले मस्जिद बंदरला. मोठी पातेली, कढया, डबे पायधुनीच्या तांबाकाट्यावर, तेही वजनावर.

मसाल्यासाठी लालबागला एकदा तरी जाच. ब्याडगी, शंकेश्वरी, काश्मिरी मिरच्या हाताने निवडायच्या, शेजारी खडा मसाला घ्यायचा, भाजून घ्यायचा आणि समोर उभं राहून डंकावर कुटून घ्यायचा. एप्रिल-मे महिन्यांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. मी फेब्रुवारी-मार्चमध्येच जाते, तेव्हा दुकानदाराला बोलायला सवड असते. कोणत्या मिरचीने रंग येतो, कोणतीने तिखटपणा, हे तिथल्या काकांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कोणी शिकवलं नाही.

२०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे, त्यामुळे पातळ पिशव्या आणि एकदा वापरून फेकायचे डबे विसरा. स्टीलचे दोन-दोन डबे प्रत्येक गिऱ्हाइकामागे ठेवा, एक जाणारा आणि एक येणारा. सुरुवातीला खर्च होतो, पण वर्षाच्या आत वसूल होतो.

पायरी ६: पैसे आणि बचत गट

या शहरात बायकांनी स्वयंपाकाच्या जोरावर उभी केलेली कामं आहेत, आणि ती पैशापासून सुरू झाली नव्हती. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. त्यातून लिज्जत झालं, आणि तिथे काम करणाऱ्या भगिनी आजही मालक म्हणवल्या जातात. गिरणगावात त्याआधीपासून खाणावळी चालवणाऱ्या बायका होत्या. गावाकडून आलेल्या गिरणी कामगारांना त्या गावच्या चवीचं जेवण घालायच्या. पगार महिन्याने यायचा, किराणा रोज लागायचा, म्हणून त्या सावकाराच्या कचाट्यात सापडायच्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि एकमेकींच्या जामिनावर बँकेची कर्जं मिळवून दिली. एकटीला दारात उभं न करणारी बँक गटाशी बोलते, हे या शहराला तेव्हाच समजलं होतं.

आजही तोच रस्ता सोपा आहे. वस्तीत चालू असलेला बचत गट शोधा. दहा ते वीस जणी असतात. नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब, ही त्यांची पंचसूत्री. गट निवडताना हिशोबाची वही मागून बघा. दाखवायला कां-कूं केली तर दुसरा गट शोधा. महापालिकेच्या विभाग कार्यालयात समाज विकास अधिकारी असतात, गटांची आणि महिलांच्या योजनांची माहिती तिथे मिळते. पालिकेने महिलांना घरघंट्या आणि मसाला कांडप यंत्रं अनुदानावर दिली आहेत, तेव्हा अर्ज सुरू आहेत का ते विचारत राहा.

गटाबाहेरचं कर्ज हवंच असेल तर मुद्रा योजनेचा शिशु गट बघा: ५० हजारांपर्यंत, तारण नाही. पण सहा महिन्यांचा हिशोब लिहिलेली वही हातात असल्याशिवाय बँकेत जाऊ नका. वही बघून साहेबांचा बोलण्याचा सूर बदलतो, हे मी अनुभवलं आहे.

पायरी ७: डबा पोहोचवणं

दोन किलोमीटरच्या आत स्वतः किंवा वस्तीतल्या मुलाकडून. त्यापलीकडे, ऑफिसं फोर्ट-नरिमन पॉइंटकडे असतील, तर डबेवाल्यांशी बोला. हे काम १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलं असं सांगतात. यातली बहुतेक माणसं मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची आणि वारकरी आहेत. टाळेबंदीनंतर त्यांची संख्या बरीच घटली, तरी जाळं टिकून आहे. जवळच्या स्टेशनवर सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला त्यांचा मुकादम भेटतो. तो पत्ता विचारून दर सांगेल आणि डब्याच्या झाकणावर खुणा रंगवून देईल. वेळ मात्र त्यांची. दारात आल्यावर डबा तयार नसेल तर ते थांबू शकत नाहीत, त्यांची लोकल सुटते. चैत्रात गावच्या जत्रेसाठी ते काही दिवस सुटीवर जातात, ती तारीख आधी विचारून गिऱ्हाइकांना कळवून ठेवा.

पायरी ८: वर्ष कसं फिरतं ते शिका

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान मी इथे सोसलं.

पहिल्या वर्षी गणपतीला मी दुप्पट सामान भरलं. सणाचे दिवस, ऑर्डरी येणार. आणि गणपतीच्या दोन दिवस आधी निम्मं भांडुप रिकामं झालं. कोकणातला माणूस गणपतीला आणि शिमग्याला गावीच जातो, हे देशावरच्या मला माहीतच नव्हतं. आमच्याकडच्या उत्तर भारतीय भय्यांचे डबे होळीला आणि छठला बंद होतात, मे महिन्यात शाळांना सुटी लागली की सगळ्यांचेच कमी होतात. आता मी जानेवारीतच भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोणती घरं कधी गावी असतात त्या खुणा करते.

मागे जे लोक राहतात त्यांना मात्र गणपतीत उकडीचे मोदक हवे असतात. मला तासाला पंचवीसच्या वर कळीदार मोदक जमत नाहीत. त्यावर ऑर्डर घेते आणि पुढच्यांना हात जोडून नाही म्हणते.

श्रावणात मराठी घरांतून मांसाहार बंद होतो, त्याच्या आधी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी महाग होते. तेव्हा सुकट, जवळा, सुके बोंबील यांच्या चटण्या चालतात. पर्युषणात जैन घरं हिरव्या भाज्याही वर्ज्य करतात आणि सूर्यास्ताआधी जेवतात, म्हणजे संध्याकाळचा डबा पाचला पोहोचला पाहिजे. एरवीही त्यांच्याकडे कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा चालत नाही. हा डबा घ्यायचा तर तवा, पळ्या आणि चिरायची पाटी वेगळी ठेवा. त्यांच्या परीने तो धर्माचा प्रश्न आहे, आणि त्यांनी आपल्या शब्दावर विश्वास टाकलेला असतो. तसं पाळणं जमणार नसेल तर सरळ नाही म्हणा.

रमजानमध्ये दुपारचे डबे थांबतात, संध्याकाळी इफ्तारला तळणीच्या पदार्थांना आणि कापलेल्या फळांना मागणी असते. मांसाहारी करत असाल तर मटण-कोंबडी कुठून आणता हे मुस्लिम गिऱ्हाइकाला आपण होऊन सांगा. ख्रिस्ती घरांत ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपवासाचे असतात, शुक्रवारी मांसाऐवजी मासे. आणि आमच्यासारख्या करंज्या वळणाऱ्या बायकांसाठी ही खास गोष्ट: गोवन आणि मंगळुरी घरांत नाताळच्या फराळाला 'कुसवार' म्हणतात, आणि त्यातल्या नेवऱ्या म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. दिवाळीचा हात डिसेंबरातही चालतो. मी चार वर्षांपूर्वी एका आंटींकडून सारण शिकून घेतलं. आता दर नाताळला नेवऱ्यांच्या ऑर्डरी असतात.

छठचा ठेकुआ मात्र विकायला जाऊ नका. तो व्रत करणाऱ्या घरी सोवळ्यात होतो, विकतचा कोणी नेवेद्याला ठेवत नाही. कोणत्या सणात आपली गरज आहे आणि कोणत्या सणात नाही, हे कळणं महत्त्वाचं.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी नवरात्र संपताच बंद करा, निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि चिवडा शेवटी करा. तो मऊ पडतो.

पायरी ९: रस्त्यावर उभं राहायचं असेल तर

घर सोडून गाडी लावायची असेल तर हा वेगळा धंदा समजा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याला उपजीविकेचा हक्क दिला आहे आणि शहर फेरीवाला समिती बनवली आहे. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा बायकांच्या. त्याच वेळी मुंबईत रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालय, प्रार्थनास्थळ यांच्यापासून १०० मीटरच्या आत विक्री करू नये, असं उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. जागा ठरवण्याआधी तिथल्या जुन्या फेरीवाल्यांशी आणि त्यांच्या संघटनेशी बोला. कोणी 'मी जागा मिळवून देतो' म्हणत पैसे मागितले तर देऊ नका. नोंद असलेल्या फेरीवाल्याला पीएम स्वनिधी या केंद्राच्या कर्ज योजनेतून पहिलं कर्ज १० हजारांचं मिळायचं, २०२५ मध्ये ते १५ हजार केलं गेलं.

पायरी १०: बोला, आणि एकटीने बोलू नका

घरून काम करणारी बाई कोणाला दिसत नाही. रस्त्यावर तिचं दुकान नाही, पाटी नाही. म्हणून पाणी दोन तास उशिरा आलं, गटार तुंबलं, जिन्यातला दिवा गेला, तर तिचा किती माल वाया गेला हे कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या गल्लीत आम्ही अकरा जणी आहोत: डबेवाल्या, पापड लाटणाऱ्या, मेणबत्त्या करणारी एक, शिवणकाम करणाऱ्या तिघी. आमच्यात मालवणी आहेत, तामिळ आहेत, एक जौनपूरची भाभी आहे, एक मुंब्र्याहून लग्न होऊन आलेली आपा आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी दळणाच्या वेळी गिरणीबाहेर जमतो. सुरुवात मसाल्याच्या दरापासून होते, शेवट पाण्याच्या वेळेवर.

मुंबईला याची सवय आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मोहल्ला कमिट्या झाल्या, तेव्हा एका गल्लीतली वेगवेगळ्या धर्मांची माणसं पोलिसांसोबत एका सतरंजीवर बसली. १९९७ पासून पालिकेने कचरा आणि रस्त्यांसाठी नागरिकांचे स्थानिक व्यवस्थापन गट मानले. तुमच्या भागात असा गट असेल तर त्यात धंदा करणाऱ्या बायकांना बसवा. नसेल तर पाच जणींपासून सुरुवात करा.

तक्रार कशी करायची ते सांगते. पालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे, तिथे मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा. आठवडाभरात काही झालं नाही तर विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या. आमचं एस विभागात आहे. अर्ज एका पानाचा करा. वर जागा, मग तारखा, मग काय नुकसान झालं ते आकड्यांत: किती किलो पीठ भिजवलेलं, किती डबे रद्द झाले. खाली सगळ्यांच्या सह्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे. एक प्रत नगरसेवकाच्या कार्यालयात द्या. तरीही उत्तर आलं नाही तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो आणि त्यात एकच प्रश्न विचारावा: आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली?

आम्ही पाण्याच्या वेळेसाठी तीन अर्ज दिले. तिसऱ्या अर्जाला कनिष्ठ अभियंता स्वतः आले, गिरणीबाहेरच उभं राहून अकरा जणींचं ऐकलं आणि आमच्या बाजूचा व्हॉल्व्ह तपासायला माणूस पाठवला. आता पाणी पावणेपाचला येतं, डबे आठला निघतात. पहिल्या दोन अर्जांची पोच आमच्याकडे नव्हती, त्यामुळे ते दिलेच नाहीत असं सांगण्यात आलं होतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.